इतरांना थांबवण्याचा अधिकार : तारेपासून पोलीस बिनतारीपर्यंत

१/१४
आपल्या आजोबांच्या पिढीत ‘तार आली’ एवढे दोन शब्द कानी पडले तरी घरात रडारड सुरू होई. मजकूर अजून कोणी वाचलेलाही नसे. संदेश उघडण्यापूर्वीच त्याचे गांभीर्य सांगणारी खूण, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. यवतमाळच्या परिसरातून निघून आपल्याला मुंबई पोलिसांच्या नियंत्रण कक्षापर्यंत जायचे आहे.

२/१४
तारखात्यात वाहिनी एक आणि संदेश अनेक. साधी तार आपल्या क्रमाने जाई, एक्स्प्रेस तारेला जादा दर पडे. मृत्यूच्या तारेवर ‘एक्स एक्स’ ही खूण असे, तर हवामान खात्याच्या वादळी इशाऱ्यांना ‘एक्स एक्स डब्ल्यू’ हा अग्रक्रम होता. तारबाबूची नजर प्रथम या अक्षरांवर जाई. एक तार पुढे सरकली की बाकीच्या थांबत. अग्रक्रम म्हणजे दुसऱ्याची प्रतीक्षा, हे सूत्र येथेच लक्षात ठेवावे.

३/१४
तारेचे दुर्बल स्थान मात्र उघड्यावर होते : खांब आणि त्यांवरची तार. यवतमाळ हा वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या कुशीतला, सागवानी जंगलांचा जिल्हा. अशा मुलखात मैलोगणिक खांबांवर पहारा ठेवणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये देशभरातील आंदोलकांनी नेमके हेच हेरले.

४/१४
१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. वर्धा नदीपलीकडे, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे एकाच दिवशी उठाव झाला. चिमूरकडे येणारे रस्ते झाडे पाडून अडवण्यात आले. काही दिवस तेथे ब्रिटिश सत्ता उरली नव्हती. ‘तातडीचे’ असे लिहिलेला कागद हाती असूनही तो पाठवण्याचा मार्गच नसेल, तर त्या शब्दाला काय अर्थ?

५/१४
१९४६ मध्ये केंद्र सरकारने पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेसाठी स्वतंत्र विभाग उभा केला. आजचे पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय ते हेच. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रावर बंड झाले. त्याचे नेते एम. एस. खान आणि मदनसिंग हे दोघेही संदेशवहन शाखेतील. बिनतारीला तोडण्याजोगी तार नसते, पण ज्याच्या हाती यंत्र त्याचाच आवाज हवेत जातो.

६/१४
बिनतारीची अडचण निराळी. एका वाहिनीवर अनेक संच असतात. बटण दाबले की बोलता येते, सोडले की ऐकू येते. दोघांनी एकाच वेळी दाबले तर एकाचा आवाज बुडतो किंवा दोघांचाही नुसता गोंगाट होतो. त्यामुळे संकटाच्या सूचनेला दोन कामे करावी लागतात : ऐकणाऱ्याला सावध करणे आणि बोलणाऱ्याला थांबवणे.

७/१४
हा धडा जगाने समुद्रावर घेतला. ‘एसओएस’ ही खूण १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरली आणि १९०८ पासून लागू झाली. तरीही एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडत असताना जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’चा बिनतारी चालक झोपला होता. खूण अचूक होती, ऐकणारा जागा नव्हता.

८/१४
पुढे नियम झाले. दर तासाला ठरलेल्या वेळी दोनदा तीन-तीन मिनिटे सर्व जहाजांनी केवळ ऐकायचे. चालक जागेवर नसेल तर स्वयंचलित यंत्र घंटा वाजवी. त्यासाठी प्रत्येकी चार सेकंदांच्या बारा दीर्घ खुणा, मध्ये एकेक सेकंदाची विश्रांती, असा मिनिटभराचा संकेत ठरला. साध्या संदेशात असा क्रम सहसा येत नाही, म्हणून यंत्राला तो ओळखता येई. पोलिसांच्या बिनतारीवर बोलण्याआधी वाजणाऱ्या सावधसुरांमागेही हेच तर्कशास्त्र आहे.

९/१४
अमेरिकेत डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ मध्ये गस्ती मोटारींना रेडिओवरून संदेश देण्यास आरंभ केला. ‘टेन-फोर’सारखे दहाच्या आकड्याने सुरू होणारे संकेत १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्यात चार्ल्स हॉपर यांनी रचले. आरंभी ‘टेन’ का? त्या काळच्या संचाला बटण दाबल्यावर पूर्ण शक्तीने चालू होण्यास क्षणभर लागे आणि पहिला शब्दांश गळून पडे. ‘टेन’ हा बळी देण्यासाठीच होता!

१०/१४
आपल्याकडे पोलिसी कागदपत्रांत ‘बिनतारी संदेश’ हा शब्द रुळला. महाराष्ट्राच्या या विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. सर्वांत निकडीच्या संदेशावर ‘क्रॅश’ असा शेरा असतो. अशा शेऱ्यांना एक रोग जडतो. सरकारी पत्रांवरचे ‘तात्काळ’ पुढे ‘अति तात्काळ’ होते, आणि प्रत्येकच पत्र अति तात्काळ झाले की पुन्हा सगळी समान होतात. खुणेचे मोल तिच्या दुर्मीळतेत आहे.

११/१४
आता २६ नोव्हेंबर २००८. मुंबईत एकाच रात्री अनेक ठिकाणी हल्ले झाले आणि नियंत्रण कक्षावर संदेशांचा लोंढा आला. आजवरचे सूत्र येथे कोसळते. जेव्हा प्रत्येक संदेश खरोखरच जीवनमरणाचा असतो, तेव्हा कोणाला थांबवायचे? त्याचे उत्तर कोणत्याही सुरात वा संकेतात नसते. ते कक्षात बसलेल्या माणसाला द्यावे लागते.

१२/१४
कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासह गाडीतील सहा पोलीस मृत्युमुखी पडले. जखमी अरुण जाधव मागच्या भागात निपचित पडून होते आणि हल्लेखोर तीच गाडी घेऊन निघाले. पुढे त्यांनी ती टाकून दुसरी मोटार पळवली, तेव्हा जाधव यांनी गाडीतील बिनतारीवरून नियंत्रण कक्षाला माहिती दिली. त्या मोटारीविषयीचा इशारा गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत पोहोचला होता. तेथेच तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला पकडून ठेवले.

१३/१४
आज डिजिटल संचांवर आपत्कालीन बटण असते. ते दाबताच यंत्रणा स्वतःच त्या संचाला अग्रक्रम देते. महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ हा एकच क्रमांक लागू झाला. पूर्वी तारबाबूचा हात करी ते काम आता संगणक करतो. रांग बदलली जाते, कुमक मात्र माणसांनाच पाठवावी लागते.

१४/१४
इतिहासाच्या विद्यार्थ्याने शेवटी पाहावी ती नोंदवही. कोणता संदेश किती वाजता आला, त्यावर काय केले, याची ओळ तिच्यात असते. विनीता कामटे यांनी माहिती अधिकारात त्या रात्रीच्या नोंदी मिळवल्या आणि मागितलेली कुमक वेळेत का पोहोचली नाही, हा प्रश्न २००९ च्या ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकातून विचारला. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपली बाजू मांडली, वाद झाला. पण तो वाद आठवणींवर नव्हे, मिनिटांच्या नोंदींवर लढला गेला. संकटाची हाक हवेत विरते. ती कोणी ऐकली आणि कोणी नाही, हे सांगणारा कागद जपला जाणे आणि मागणाऱ्याला मिळणे, हे म्हणूनच आवश्यक आहे.