क्लाउनफिशची घरगुती पैदास

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश २००३ मधील ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचला. खाऱ्या पाण्यातील ज्या मोजक्या शोभिवंत माशांची पैदास घरच्या काचपेटीत होऊ शकते, त्यांत तो अग्रस्थानी आहे. या माशाची सर्व पिल्ले प्रथम नर होतात. समूहातील सर्वांत मोठा मासा पुढे मादी बनतो. त्यामुळे लहानमोठ्या आकाराचे दोन कोवळे मासे एकत्र ठेवल्यास जोडी जमू शकते. समुद्रपुष्प नसले, तरी मादी खडकावर किंवा मातीच्या कुंडीवर अंडी घालते. नर परांनी पाणी खेळते ठेवून त्यांची राखण करतो. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात साधारणतः ७ ते १० दिवसांनी, काळोख पडल्यावर अंडी फुटतात.

खरी कसोटी येथून पुढे असते. इवल्या डिंभांना प्रथम रोटिफर हे सूक्ष्मजीव व नंतर आर्टेमियाची पिल्ले पुरवावी लागतात. हे जिवंत खाद्य आधीच तयार नसल्यास डिंभ उपासमारीने दगावतात. जगलेल्या पिल्लांवर सुमारे दोन आठवड्यांत पट्टे उमटू लागतात. अशा पैदाशीमुळे प्रवाळखडकांवरील मासे पकडण्याची गरज कमी होते.