लाल कंधारी, देवणी आणि मिठाचे तांडे

१/ नांदेड जिल्ह्यातील कंधार म्हटले की भुईकोट किल्ला आणि राष्ट्रकूटकाळाशी जोडला जाणारा जगत्तुंगसागर तलाव आठवतो. याच गावाचे नाव एका गोवंशालाही लाभले आहे : लाल कंधारी. लातूर जिल्ह्यातील देवणी हा त्याचा शेजारी. पाऊस वारंवार हुलकावणी देणाऱ्या या प्रदेशात ही जनावरे टिकली कशी?

२/ प्रश्न केवळ पाण्याचा नाही. शरीरातील पाणी धरून ठेवते ते मीठ, मुख्यतः त्यातील सोडियम. गवतात पोटॅशियम विपुल, सोडियम मात्र अल्प. त्यामुळे गुरांच्या शरीराला दोन्हींची काटकसर करावी लागते.

३/ रवंथ करणाऱ्या जनावराचे पहिले पोट हा पाण्याचा साठाच. तहान लांबली की त्यातील पाणी सावकाश रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे मूत्र घट्ट करतात. मीठ कमी पडले, तर अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने लाळेतील सोडियम शरीरात परत घेतले जाते. त्याची जागा पोटॅशियम घेते.

४/ ही व्यवस्था सर्वच गुरांत आढळते. वशिंड असलेल्या भारतीय वंशांचे वैशिष्ट्य असे की, कडक उन्हातही त्यांची पाण्याची गरज युरोपीय गुरांहून कमी असते.

५/ मात्र शरीर मीठ वाचवू शकते, निर्माण करू शकत नाही. समुद्रापासून दूर असलेल्या दख्खनच्या पठारावर किनाऱ्याचे मीठ पोहोचवले ते लमाणांच्या तांड्यांनी, बैलांच्या पाठीवरून. ‘लमाण’ हे नावच ‘लवण’ या शब्दावरून आले, असे एक मत आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि हा व्यापार ओसरला.

६/ निसर्गाच्या जोडीला शेतकऱ्याची निवडही होती. काळ्या, चिकट जमिनीत औत ओढणारा आणि निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारा बैल त्याने राखला. त्याचाच वंश पुढे चालवला. १९७२च्या दुष्काळात चारा-पाण्यावाचून मराठवाड्यातील गोठे रिकामे झाले. २०१६ साली तर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

७/ आज ट्रॅक्टर आणि संकरित गाईंमुळे दोन्ही वंश मागे पडत आहेत. किल्ल्याची ढासळलेली भिंत पुन्हा बांधता येते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडलेला गोवंश एकदा संपला, की तो पुन्हा उभा करता येत नाही.