बसवणाऱ्याची खाच, काढणाऱ्याची खाच

आपण सर्रास ज्याला स्टार स्क्रू म्हणतो तो फिलिप्स स्क्रू विमानांसाठीच घडवला गेला, अशी समजूत आहे. पातळ ॲल्युमिनियमवर जास्त जोर पडू नये म्हणून ठरावीक ताणाला स्क्रूड्रायव्हर खाचेतून उसळावा, अशी मुद्दाम केलेली रचना म्हणे! पुरावा तसं सांगत नाही. ओरेगनच्या हेन्री फिलिप्सला १९३६मध्ये मिळालेल्या पेटंटांत हा गुण नाही. तो येतो १९४९च्या सुधारित पेटंटात. मूळ खाचेचं बळ वेगळंच होतं. टोक आपसूक मधोमध बसतं, त्यामुळे यंत्राने झपाट्याने स्क्रू आवळता येतात. म्हणूनच जनरल मोटर्सने ती उचलली. ही खाच कारखान्यात बसवणाऱ्याची होती, आणि माझ्या मते विमानाच्या स्क्रूंचा पुढचा इतिहास तिच्याकडून काढणाऱ्याच्या खाचेकडे गेला.

मोटारीतले बरेच स्क्रू एकदा बसले की बसले. विमानाची झाकणं मात्र तपासणीसाठी पुन्हापुन्हा उघडावी लागतात. हवेचा अडथळा नको म्हणून स्क्रूचं डोकं पत्र्याशी सपाट हवं. विमानात त्याचा कोन १०० अंशांचा, म्हणजे नेहमीच्या ८२ अंशांपेक्षा पसरट, त्यामुळे डोकं उथळ. खाचेत रंग साचतो, गंज धरतो. उलटा जोर लावला की फिलिप्सच्या उतरत्या भिंतीवरून टोक वर चढतं, कडा झिजतात आणि शेवटी स्क्रू ड्रिलने काढावा लागतो. यावर उपाय म्हणून आलेल्या टॉर्क-सेट नावाच्या खाचेतले चार हात एकमेकांसमोर नसून सरकवलेले असतात, ते जोर सरळ भिंतीवर यावा म्हणून.

नवी खाच म्हणजे नवं पेटंट, सगळा धंदाच, असं कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. टॉर्क-सेट फिलिप्स कंपनीचंच. पण धंद्यामुळे खाचा अनेक का झाल्या तेवढंच कळतं, त्यांच्या भिंती उभ्या का होत गेल्या ते नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: काढणाऱ्याचीच सोय हवी होती, तर रीड अँड प्रिन्स कंपनीची टोकदार फुलीची खाच आधीपासून होतीच की. होती, पण दिसायला फिलिप्ससारखी आणि अवजार वेगळं. चुकीचं टोक घातलं की खाच गेलीच. मेकॅनिकांच्या पुस्तकांत म्हणूनच दोन्हींतला फरक बजावून सांगितलेला असतो. आणि लहान विमानांवर फिलिप्स आजही टिकून आहे, पण तिथेही झिजलेल्या खाचेत पकड यावी म्हणून मेकॅनिक टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावतात.