कृत्तिकांची मोजणी

ज्या मासातील पौर्णिमेस चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, त्या मासास आपण कार्तिक म्हणतो. आणि त्या दिवसांत रात्र पडल्यावर पूर्वेकडे पाहिले असता, जुन्या ज्योतिष्यांनी ज्यास वस्तऱ्याची उपमा दिली तो लहानसा पुंजका, पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या तीक्ष्णतेप्रमाणे, कोणास सहा तर कोणास सात-आठ ताऱ्यांचा दिसतो. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा शतपथब्राह्मणात उल्लेख आहे. त्या एका उल्लेखावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्या ग्रंथभागाचा काल इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला, आणि १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या आपल्या इतिहासात त्याची उपपत्ती मांडली. कृत्तिका कोठे उगवतात हे मनुष्याने इतक्या प्राचीन काळी टिपून ठेवले; त्या किती दूर आहेत, या प्रश्नाचा निकाल मात्र आपल्या डोळ्यांदेखत लागला, आणि तोही मोठ्या विश्वासाच्या एका दप्तरातील नोंद चुकीची ठरून.

ताऱ्याचे अंतर मोजण्याची सरळ रीत एकच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात किंचित इकडेतिकडे सरकल्यासारखा दिसतो. या सरकण्यास आपल्या गणितग्रंथांतला ‘लंबन’ हाच शब्द पुरेसा आहे. बेसेलने १८३८ साली हंस नक्षत्रातील एका मंद ताऱ्याचे लंबन मोजले, ते विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरले. कृत्तिका त्या ताऱ्याहून सुमारे चाळीस पटींनी दूर. त्यांचे लंबन विकलेच्या सात-आठ सहस्रांशांचे. विकलेचा एक सहस्रांश म्हणजे चंद्रावर उभ्या असलेल्या मनुष्याची पृथ्वीवरून दिसणारी उंची. हेलकावणाऱ्या वातावरणाच्या तळाशी बसून असले माप घेणे दुरापास्त, म्हणून मोजणीदारासच वातावरणाबाहेर धाडावे, ही कल्पना फ्रान्समधील पिएर लाक्रूत यांनी १९६० च्या दशकात मांडली आणि युरोपीय अवकाश संस्थेने ती उचलून धरली.

‘हिप्पार्कोस’ हा तो उपग्रह. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तारासूची रचणाऱ्या ग्रीक ज्योतिष्याची आठवण त्याच्या नावात मुद्दाम राखलेली आहे. ८ ऑगस्ट १९८९ रोजी तो सुटला खरा, पण नियोजित कक्षेत नेणारे त्याचे इंजिन पेटलेच नाही, आणि एका जागी स्थिर भासावयाचा तो उपग्रह लांबट कक्षेत अडकून दर साडेदहा-अकरा तासांनी पृथ्वीभोवतीच्या घातक प्रारणपट्ट्यांतून फेऱ्या मारीत राहिला. मोहीम बुडाली, असेच पुष्कळांस वाटले. परंतु ग्राहक-केंद्रे वाढवून आणि गणिताची सारी मांडणी फिरवून कामाचा बंदोबस्त लावण्यात आला, आणि १९९३ च्या ऑगस्टपर्यंत तो उपग्रह जगला.

त्याची मोजण्याची तऱ्हा जवळून पाहण्याजोगी आहे. दुर्बिणीचा आरसा अवघा २९ सेंटिमीटरांचा, आपल्या ताटाएवढा. पण त्यात एकमेकांपासून ५८ अंशांवर असलेले आकाशाचे दोन तुकडे एकाच वेळी उमटत. उपग्रह दिवसाला सव्वाअकरा गिरक्या घेई, आणि प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश २६८८ बारीक फटींच्या जाळीवरून सरकताना लुकलुके. त्या लुकलुकण्याची वेळ नोंदवावयाची, आणि दोन दूरच्या ताऱ्यांमधील अंतर वेळेच्या हिशेबात बसवावयाचे, एवढेच काय ते काम. मात्र ते लक्षावधी वेळा. जमा झालेला तपशील दोन स्वतंत्र मंडळ्यांच्या हवाली केला होता, त्या दोघींनी आपापल्या रीतीने हिशेब केले आणि मग परस्परांशी रुजुवात घातली. पेशवाईतील फडणिशीसही ही शिस्त पसंत पडली असती. १९९७ साली १,१८,२१८ ताऱ्यांची सूची १७ खंडांत प्रसिद्ध झाली.

आणि लगोलग तक्रार उभी राहिली. कृत्तिकांचे अंतर या सूचीप्रमाणे सुमारे ३८५ प्रकाशवर्षे येत होते; त्यापूर्वीच्या अजमासाप्रमाणे ते ४३० च्या घरात होते. तो जुना अजमास ताऱ्यांच्या तेजावर बसविलेला होता: एकाच रंगाचे सामान्य तारे साधारण सारख्याच खऱ्या तेजाचे असतात, तेव्हा कृत्तिकांतील तारे किती मंद दिसतात यावरून त्या किती दूर आहेत हे ताडावयाचे. सूची खरी मानली, तर कृत्तिकांतील ताऱ्यांचे खरे तेज समजुतीपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी ठरत होते, आणि तारे कसे जळतात याविषयीचे शास्त्र त्यास कोणतेही कारण देऊ शकत नव्हते. गंमत अशी की शेजारच्या रोहिणी-शकटाच्या गुच्छाविषयी हीच सूची जुन्या मोजमापांशी तंतोतंत जुळत होती, आणि तेथे तिने १५१ प्रकाशवर्षांचा आकडा पूर्वी कधी नव्हता इतक्या नेमकेपणाने दिला होता. हा वाद दिसतो तेवढा घरगुती नव्हता. दूरच्या दीर्घिकांची अंतरे काढण्याची जी शिडी आहे तिच्या खालच्या पायऱ्या अशा गुच्छांच्याच आहेत.

१९९८ साली पिन्सनो आणि त्यांचे सहकारी यांनी उघड म्हटले की, चूक तारकाशास्त्रात नसून सूचीत असावी. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आपल्याकडील जमीनमोजणीच्या भाषेत सांगता येईल. एका गावची पन्नास शेते मोजली आणि प्रत्येक मोजणीत थोडीफार चूक झाली, तर सरासरीत ती विरून जाते. पण साखळीच तोकडी असेल, तर पन्नासच काय, पाचशे शेतांची सरासरी घेतली तरी गाव वाकडेच मोजले जाते. कृत्तिकांतील तारे आकाशात दाटीने बसलेले; उपग्रहाच्या त्याच त्या गिरक्यांत ते मोजले गेले; म्हणून त्यांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र नव्हत्या. उलटपक्षी केंब्रिजचे फ्लोर व्हान लेउवेन हे सूचीच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्यांनी मूळ तपशिलावरून सगळ्या आकाशाची फेरमोजणी एकट्याने केली, सूचीतील इतर पुष्कळ दोष दूर केले, आणि तरीही २००९ साली कृत्तिकांसाठी ३९२ प्रकाशवर्षांवरच ते आले. त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. त्यांचे कष्ट मात्र वाया गेले असे मला वाटत नाही.

बाहेरच्या साक्षी एव्हाना जमू लागल्या होत्या. २००४ साली पॅन, शाओ आणि श्रीनिवास कुलकर्णी यांनी कृत्तिकांतील ‘ॲटलस’ या जोडताऱ्याची कक्षा बारकाईने मोजून ४३४ ते ४४७ प्रकाशवर्षे हे अंतर काढले. हे कुलकर्णी कृष्णा-पंचगंगेच्या संगमानजीकच्या कुरुंदवाडात जन्मलेले, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. पुढल्याच वर्षी हबल दुर्बिणीने तीन ताऱ्यांचे लंबन मोजले, आणि तेही तिच्या मुख्य कॅमेऱ्याने नव्हे, तर दुर्बीण निशाणावर स्थिर ठेवण्यासाठी बसविलेल्या मार्गदर्शक यंत्रांनी; पहारेकऱ्यानेच मोजणीदाराचे काम केले म्हणावयाचे. उत्तर आले ४३९. मग २०१४ साली हवाई बेटांपासून युरोपपर्यंत पसरलेल्या रेडिओ-दुर्बिणींनी ४४४ सांगितले.

शेवटचा निवाडा ‘गाया’ने केला. १९ डिसेंबर २०१३ रोजी सुटलेला हा उपग्रह हिप्पार्कोसचाच वारस, दोन दिशांना एकदम पाहण्याची तीच तऱ्हा, पण पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवर आणि जवळजवळ १०० कोटी चित्रकणांच्या कॅमेऱ्यासह. २५ एप्रिल २०१८ रोजी त्याची सुमारे १६९ कोटी ताऱ्यांची नोंद प्रसिद्ध झाली, तीत कृत्तिकांचे शेकडो तारे होते, आणि अंतर ४४० प्रकाशवर्षांच्या किंचित वर पडले. म्हणजे हिप्पार्कोस कृत्तिकांपाशी सुमारे एक सहस्रांश विकलेने चुकला होता. चंद्रावरच्या एका मनुष्याच्या उंचीएवढा.

या साऱ्या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती दप्तराची वहिवाट. जुन्या वेधशाळांत वेधांच्या काचा कपाटांत कुलूपबंद राहत, आणि ज्याने वेध घेतला त्याची त्यांवर जणू वतनदारी असे. हबलने वेध घेणाऱ्यास साधारण एका वर्षाची मुदत दिली, मग ते दप्तर सर्वांस खुले. आणि १९९५ च्या डिसेंबरात तिचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी सप्तर्षींतील एका ओसाड दिसणाऱ्या ठिपक्यावर दहा दिवस दुर्बीण रोखून ज्या ३००० च्या सुमाराच्या दीर्घिका टिपल्या, त्यांच्या बाबतीत ही मुदतही ठेवली नाही. गायानेही ती कोणासच ठेवली नाही. मंडळातील शास्त्रज्ञ आणि पुण्यातील एखादा विद्यार्थी यांस ती सूची एकाच दिवशी मिळाली. हिप्पार्कोसने तर छापील आकड्यांबरोबर प्रत्येक ताऱ्याच्या हिशेबाचे खर्डेही शेवटच्या खंडातील तबकड्यांवर देऊन टाकले होते. टीकाकारांनी सूचीवर आरोप केला तो त्या खर्ड्यांच्याच आधारे. आपली चूक शोधण्याचे साहित्य ज्या दप्तराने स्वतःच लोकांच्या हाती दिले, ते दप्तर अंतर चुकले तरी प्रामाणिकच म्हटले पाहिजे.

गायाचे वेध १५ जानेवारी २०२५ रोजी थांबले. १९९७ च्या त्या खंडांत कृत्तिकांतील सर्वांत तेजस्वी तारा, आपली अंबा आणि पाश्चात्त्यांची अलसायनी, १७७०२ या क्रमांकाखाली नोंदलेली आहे, आणि ज्योतिषी तिला अद्याप त्याच क्रमांकाने ओळखतात.