प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम (पुनर्निर्मिती)

प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम रिमेक हा युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने हाती घेतलेला, परंतु अखेरपर्यंत प्रकाशित न झालेला व्हिडिओ गेम होय. २००३ साली गाजलेल्या याच नावाच्या खेळाची ही पुनर्निर्मिती युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपविण्यात आली होती. १० सप्टेंबर २०२० रोजी तिची घोषणा झाली, मे २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियल स्टुडिओकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने प्रकल्प रद्द केला. भारतीय स्टुडिओंनी नेतृत्व केलेला युबीसॉफ्टचा पहिला मोठा खेळ म्हणून, तसेच अभिजात खेळांच्या नव्या आवृत्त्यांचे मूल्यमापन कसे होते याचे उदाहरण म्हणूनही तो उल्लेखनीय आहे.

मूळ खेळ

प्रिन्स ऑफ पर्शिया या मालिकेचा आरंभ १९८९ साली जॉर्डन मेकनर यांनी ॲपल २ संगणकासाठी रचलेल्या खेळापासून झाला. द सँड्स ऑफ टाइम हा २००३ चा खेळ युबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने तयार केला. त्याची कथा मेकनर यांनीच लिहिली होती. पॅट्रिस देझिले हे त्याचे सर्जक दिग्दर्शक होते, तर संगीत स्टुअर्ट चॅटवुड यांचे होते.

कथेचा प्रारंभ भारतात होतो. एका विश्वासघातकी वजिराच्या चिथावणीवरून पर्शियाचा राजा शारामान आणि त्याचा राजपुत्र एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून जातात. लुटीत त्यांच्या हाती काळाचा खंजीर आणि वाळूचे एक प्रचंड घटिकायंत्र लागते. महाराजाची कन्या फराह बंदी होते. पुढे वजिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्र घटिकायंत्र उघडतो आणि बाहेर पडलेली वाळू माणसांचे राक्षस करून टाकते. उरलेला खेळ म्हणजे या चुकीचे निवारण होय.

खेळाडूला खंजिराच्या साहाय्याने काही क्षण काळ मागे नेता येतो. उडी चुकली, राजपुत्र खाली कोसळला, तरी तो क्षण पुसून पुन्हा प्रयत्न करता येतो. संपूर्ण कथा राजपुत्र स्वतः फराहला सांगत असल्यामुळे, खेळाडूच्या हातून त्याचा मृत्यू झाल्यास निवेदक राजपुत्र स्वतःलाच थांबवून, तसे घडले नव्हते, अशी दुरुस्ती करतो. कथनाची रीत आणि खेळण्याची रीत इतकी एकजीव झालेली उदाहरणे या माध्यमात थोडी आहेत. भिंतीवरून धावण्याच्या हालचालींचेही मोठे कौतुक झाले. लढाया मात्र एकसुरी असल्याची टीका तेव्हाच झाली होती. याच मालिकेच्या पुढील भागासाठी सुरू झालेल्या कामातून असॅसिन्स क्रीड ही स्वतंत्र मालिका जन्मास आली.

रिमास्टर आणि रिमेक

रिमास्टरमध्ये मूळ प्रणाली कायम ठेवून चित्रे अधिक सुस्पष्ट केली जातात, ध्वनी सुधारला जातो आणि खेळ नव्या यंत्रांवर चालेल असा केला जातो. रिमेकमध्ये तोच खेळ पायापासून पुन्हा बांधला जातो. द सँड्स ऑफ टाइमला २०१० साली प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी पहिला संस्कार लाभला होता. २०२० ची घोषणा दुसऱ्या प्रकारची होती.

प्रत्यक्षात ही सीमारेषा नेहमी स्पष्ट नसते. भूमिकाप्रधान अर्थात रोल-प्लेइंग खेळांत याची बोलकी उदाहरणे आढळतात. डायाब्लो २ (२०००) या खेळाच्या २०२१ मधील आवृत्तीत जुन्या गणितावर नवी त्रिमितीय चित्रे चढविली आहेत, आणि एक कळ दाबताच जुने रूप समोर येते. तुलनेचे साधन खेळातच ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा विरळा म्हणावा लागेल. ऑब्लिव्हियन (२००६) या खेळाचे एप्रिल २०२५ मध्ये आलेले रूप रिमास्टर म्हणविते, परंतु त्याचे दृश्यांग संपूर्णपणे नव्या इंजिनावर उभे आहे. याउलट फायनल फँटसी ७ (१९९७) च्या २०२० मधील रिमेकने मूळ कथेचा केवळ आरंभीचा, मिडगार नगरीतील भाग घेऊन लढाईची पद्धतही बदलली. प्रिन्स ऑफ पर्शिया हा स्वतः भूमिकाप्रधान नव्हे, तर साहसप्रधान खेळ आहे. तथापि परीक्षकांपुढील प्रश्न तोच राहतो.

पुणे आणि मुंबई येथील काम

पुण्यातील स्टुडिओ पूर्वी गेमलॉफ्ट या कंपनीचा होता. २००८ मध्ये तो युबीसॉफ्टकडे आला. मुंबईचा स्टुडिओ २०१८ मध्ये सुरू झाला. अन्यत्र आकारास येणाऱ्या खेळांना साहाय्य करणाऱ्या स्टुडिओंकडे एका अभिजात कृतीची मुख्य जबाबदारी येणे ही भारतातील खेळनिर्मितीच्या दृष्टीने मोठी संधी होती. पिएर-सिल्व्हँ जिर हे दिग्दर्शक होते.

मूळ खेळ जेड या इंजिनावर बेतलेला होता. पुनर्निर्मितीसाठी असॅसिन्स क्रीडचे अ‍ॅनव्हिल इंजिन निवडण्यात आले. साहजिकच जुन्या हालचाली जशाच्या तशा उचलणे शक्य नव्हते. अभिनेत्यांच्या हालचाली नव्याने टिपण्यात आल्या, कॅमेरा आणि लढाया यांची पुनर्रचना योजिली गेली. राजपुत्राचा आवाज मूळ अभिनेते युरी लोवेन्थाल यांचाच राहणार होता. फराहची भूमिका भारतीय वंशाच्या कॅनेडियन अभिनेत्री सुपिंदर वराइच यांच्याकडे आली. भारतीय राजकन्येच्या पात्राबाबत ही निवड समर्पकच होती.

प्रतिसाद आणि लांबणी

खेळ २१ जानेवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि विंडोज यांवर येणार असल्याचे घोषणेच्या वेळी सांगण्यात आले होते. परंतु सोबतच्या चित्रफितीने अनेकांची निराशा केली. चेहरे निर्जीव आहेत, प्रकाशयोजना सपाट आहे, दोन पिढ्या जुन्या यंत्रावरचा खेळ पाहत असल्यासारखे वाटते, असे आक्षेप घेण्यात आले. हे रूप जाणीवपूर्वक निवडलेले असून त्यामागे अद्भुतकथेचे वातावरण साधण्याचा हेतू असल्याचे स्पष्टीकरण निर्मात्यांनी दिले. ते फारसे स्वीकारले गेले नाही.

डिसेंबर २०२० मध्ये तारीख १८ मार्च २०२१ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती अनिश्चित काळासाठी लांबली.

मूल्यमापनाचा प्रश्न

या पुनर्निर्मितीविषयी जे काही मत बनले ते काही मिनिटांच्या चित्रफितीवरून. राजपुत्राची उडी हातात कशी उतरते, काळ मागे नेताना लय टिकते का, लढायांतील जुना एकसुरीपणा गेला का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पाहून मिळण्याजोगे नव्हते. दृश्यांवरील आक्षेप गैर नव्हते. विकत घ्यावयाच्या खेळाकडून ग्राहकाने तशी अपेक्षा ठेवणे रास्तच आहे. परंतु चेहऱ्यांवरील टीका ही खेळावरील टीका नव्हे, हा भेद चर्चेत हरवला. त्यातच स्मरणातील खेळ हा प्रत्यक्षातील खेळापेक्षा नेहमीच देखणा असतो, ही अडचण कोणत्याही पुनर्निर्मितीला चुकत नाही.

नव्या रूपाने जुन्याची जागा घ्यावी की त्याच्या शेजारी उभे राहावे, हा वाद चित्रकलेतही जुना आहे. फर्दापूरनजीकच्या अजिंठा लेण्यांतील चित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या, तरी मूळ भिंती शाबूत होत्या. १९२० नंतर निजामाच्या निमंत्रणावरून आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी प्रत्यक्ष चित्रांवर लाखेचा लेप दिला. तो पुढे पिवळा पडला व काढण्याचे कष्ट पुरातत्त्व खात्याला घ्यावे लागले. प्रतिकृती फसली तर मूळ उरते. मुळावरच हात चालला तर तसे होत नाही. वॉरक्राफ्ट ३ च्या जानेवारी २०२० मधील नव्या आवृत्तीने जुन्या आवृत्तीची जागाच घेतली, तेव्हा खेळाडूंचा रोष होण्यामागे हेच एक मोठे कारण होते. द सँड्स ऑफ टाइमच्या बाबतीत तसा धोका नव्हता.

माँट्रियलकडे हस्तांतर आणि अखेर

३ मे २०२२ रोजी युबीसॉफ्टने सर्व काम मूळ खेळ घडविणाऱ्या माँट्रियल स्टुडिओकडे सोपविल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आगाऊ नोंदणीचे पैसे परत करण्यात आले. २०२३ मध्ये प्रकल्प पुन्हा संकल्पनेच्या टप्प्यावर असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे पुणे-मुंबईतील कामाचा फारसा भाग पुढे गेला नसावा. जून २०२४ मध्ये एक अतिशय छोटी झलक दाखवून २०२६ हे वर्ष जाहीर झाले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीच्या पुनर्रचनेत आणखी पाच खेळांसह हाही खेळ रद्द झाला.

त्यामुळे पुण्या-मुंबईत घडलेली आवृत्ती खेळाडूंच्या हाती कधीच आली नाही. २००३ चा मूळ खेळ विंडोज संगणकांसाठी ऑनलाइन विक्रीस उपलब्ध आहे.