जागल्या, कुलूप आणि अंगठा

पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावराखणीची जुनी रीत नोंदवलेली आहे. चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला तर तो शेजारच्या गावाच्या हवाली करायचा आणि तिथून पुढचा शोध त्या गावाच्या माथी. माग जिथे विरला त्या गावाने चोर तरी द्यायचा, नाही तर नुकसान भरून द्यायचे. खानदेशात हे काम मुख्यतः भिल्ल जागल्यांकडे होते. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातली विसरवाडी याच मुलखातली. कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. सुरत–बऱ्हाणपूर रस्त्याने सतराव्या शतकात गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुक करून ठेवले आहे, म्हणजे या पट्ट्यातून मोलाचा माल जात-येत होता. त्याची राखण लोखंडापेक्षा माणसावर अधिक अवलंबून होती. आदिवासी पाड्यांवरच्या घरांना कुडाच्या भिंती आणि बांबूची ताटी. जी भिंत कोयत्याने कापता येते तिच्या दाराला कुलूप लावून साधायचे काय? कणगीतले धान्य आणि गोठ्यातली गुरे सुरक्षित राहत ती कोण आले, कोण गेले हे ओळखणाऱ्या डोळ्यांमुळे. आज छोट्या दुकानांच्या दारांवर बोट किंवा आकडा ओळखून उघडणारी, किल्ली नसलेली कुलपे बसू लागली आहेत. त्यांची पारख याच इतिहासाच्या आधारे करावी असे मला वाटते. दार कशाने बंद होते, हा प्रश्न दुय्यम आहे. ते फुटले तर जाब कोण देणार, हा खरा.

जुन्या राखणीचे हे गोडवे आहेत, असे कोणी म्हणेल, आणि आक्षेप वजनदार आहे. ज्याच्यावर राखणीचा भार त्याच्यावरच पहिला संशय, ही त्या व्यवस्थेची काळी बाजू होती. भरपाईची टांगती तलवार गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या मानेवर असे. इंग्रजी अमलात 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याने राखणदार पोलीस पाटलाच्या हाताखाली बांधले गेले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर जमातीच्या जमाती जन्मापासून संशयित ठरवण्याची वाट मोकळी केली. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा 1958 मध्ये आला, तो यायलाच हवा होता. पण वतनाबरोबर अन्याय गेला तशी एक सोयही गेली: चोरी झाल्यावर ज्याच्याकडे जायचे असा, नाव-गाव असलेला माणूस. ती जागा कुलपाने घेतली. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. 1954 मध्ये आलेले ‘नवताल’ तर घरोघरी पोचले. पितळी किल्ली ज्याच्या कनवटीला तो मालक किंवा मालकाचा भरवशाचा माणूस, एवढी सोपी समजूत तिने रूढ केली. कुलूप कोणाला ओळखत नव्हते. म्हणूनच त्याला जातपात नव्हती आणि पक्षपातही नव्हता. ही त्याची मोठी देणगी नाकारण्यात अर्थ नाही.

आता कुलूप पुन्हा माणूस ओळखू लागले आहे, आणि तेही बोटाच्या ठशावरून. पश्चिम खानदेशात या ठशाचा पूर्वेतिहास मुळीच निरागस नाही. 1858 मध्ये बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंज्याचा छाप करारावर घेतला, तो त्याने पुढे करार नाकारू नये म्हणून. इकडे लिहिता-वाचता न येणाऱ्या आदिवासीचा अंगठा सावकाराच्या कागदावर उमटत गेला आणि त्याबरोबर जमिनी सरकत गेल्या. त्या परत मिळवण्यासाठी शहाद्याच्या परिसरात सत्तरच्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना उभे राहिले. आदिवासींना जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदाही 1975 मध्ये लागू झाला. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले तेही याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. सावकाराच्या वहीत अंगठा देणाऱ्याला बांधून घेत असे. आधारने तो ओळखीचा पुरावा केला, आणि दारावरच्या यंत्रात तर तो थेट किल्ली झाला आहे. या तिन्ही ठिकाणी यंत्रणा बोट देणाऱ्याकडून पुरावा मागते. यंत्रणा चुकली तर तिच्या बाजूने कोण उत्तर देणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. रेशन दुकानात राबून झिजलेली बोटे यंत्राने नाकारली, तेव्हा रिकाम्या हाताने परतावे लागले ते बोटवाल्याला.

हे दारावरच्या कुलपालाही लागू पडते, कसे ते त्याची बांधणी पाहिली की कळते. चौकटीवर विद्युतचुंबक, कवाडावर लोखंडी पट्टी, बाहेर बोट किंवा कार्ड वाचणारे यंत्र, आत 12 व्होल्टचा वीजपुरवठा, त्याला जोडलेली बॅटरी आणि बाहेर पडण्यासाठी एक बटण. छोट्या दुकानाला लावतात तो साधा चुंबकही सुमारे 270 किलोची ओढ पेलतो. पण वीज तुटली की चुंबक दार सोडून देतो. आगीच्या वेळी माणसे आत अडकू नयेत म्हणून ते असेच हवे. म्हणजे रात्री वीज गेली तर दुकानाची सगळी राखण त्या बॅटरीवर, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या बॅटरीचा जीव दोन-तीन वर्षांत कमी होत जातो. काम सोडून गेलेल्या नोकराचे बोट यादीतून काढायचे राहते, कारखान्यातून आलेला मूळ सांकेतिक आकडा कोणी बदलत नाही. अशा चुका यंत्राच्या नाहीत, देखभालीच्या आहेत. बाजारपेठेतल्या बहुतेक दुकानांना तर शटर असते आणि काचेच्या दारासाठी केलेला चुंबक तिथे उपयोगाचा नाही, हे विकणाऱ्याने आधीच सांगायला हवे.

कुलूप बिनकिल्लीचे झाले तरी दार कधी कोणाच्या बोटाने उघडले याची नोंद राहते, मग जागल्याची काय गरज, असे यावर विचारले जाईल. नोंद राहते हे खरे, आणि तो फायदा लहान नाही; मालक आणि नोकर दोघांनाही ती खोट्या आळापासून वाचवू शकते. पण चार जणांनी एकच आकडा वापरला की ती नोंद आकड्याची होते, माणसाची राहत नाही. त्याहून मोठी अडचण कोर्टात आणि विमा कंपनीच्या टेबलावर येते. ‘युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये असे ठरवले की विम्याच्या करारात बळाचा वापर करून झालेली चोरी असे शब्द असतील, तर बळ वापरल्याचे दिसले पाहिजे, नुसती चोरी पुरत नाही. तुटलेली कडी, वाकलेले शटर हा साध्या कुलपाच्या काळातला पुरावा होता. चोराने आकडा दाबून दार उघडले तर चौकटीवर ओरखडाही उमटत नाही आणि दुकानदार नुकसान सोसून वर संशयितही ठरू शकतो.

शनिशिंगणापूरचे उदाहरण इथे मोलाचे आहे. घरांना दारे-कुलपे न लावण्याच्या तिथल्या प्रथेचा मान राखून युको बँकेने जानेवारी 2011 मध्ये ‘बिनकुलपाची’ शाखा उघडली. काचेच्या दाराला दुरून चालणारे, सहज नजरेत न येणारे विद्युतचुंबकी कुलूप मात्र होते. त्या गावात श्रद्धेने चोरीचा जाब देवावर सोपवला होता, बँकेला तो तसा सोपवता येत नव्हता. विसरवाडीच्या दुकानदारालाही येणार नाही. म्हणून यंत्र बसवणाऱ्याशी होणाऱ्या करारात यंत्राच्या किमतीइतकीच ठळक जागा या गोष्टींना हवी: बॅटरी कधी बदलणार, नोकर गेला की त्याचे बोट कोण पुसणार, मुख्य आकडा कोणाकडे राहणार, रात्री दार अडले किंवा उघडे राहिले तर किती तासांत कोण येणार, आणि त्याच्या कसुरीने चोरी झाली तर भरपाई कोण देणार. ही शेवटची अट आज फार क्वचित कोणी घालते. जागल्यावर ती अन्यायाने लादली होती, कारण त्याला नकार देण्याची मुभा नव्हती. पैसे घेऊन, राजीखुशीने काम पत्करणाऱ्या कारागिराला ती घालण्यात अन्याय नाही. फक्त त्या जोखमीचा मोबदला देखभालीच्या वार्षिक दरात धरायला दुकानदाराने तयार असले पाहिजे.