माणसं जातात, बँड राहतो?

एखाद्या बँडमधला बेसिस्ट निघून गेला, तर मागे राहतो तो बँड तोच असतो का? प्रश्न तसा बिनकामाचा आहे, मान्य. याने कुणाचा पगार वाढत नाही की मध्य रेल्वे वेळेवर येत नाही. पण प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारी दोन माणसं एकत्र आली की तिसऱ्या मिनिटाला ती यावरच येतात: "मेटलंड असतानाचा बँड की हॅरिसन आल्यानंतरचा?" एक म्हणतो पहिले ते खरे, दुसरा म्हणतो नंतरचे तयारीचे, आणि चहा गार होतो.

आमच्या कांजूरमार्गला या वादाचं एक खास कारण आहे. मूड इंडिगोला जाणारी पोरं डिसेंबरात इथेच उतरतात आणि पश्चिमेकडून रिक्षाने आयआयटी गाठतात. डिसेंबर २००९ मध्ये याच मूड इंडिगोत पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड वाजवून गेला. मी तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे 'मी तिथे होतो' असं म्हणायची सोय नाही. पण 'आम्ही तिथे होतो' म्हणणारे सीनियर प्रत्येक ऑफिसात एक तरी असतातच, आणि त्यांच्याकडून ती रात्र इतक्यांदा ऐकली आहे की विचारू नका.

त्यांचं नशीब खरंच चांगलं होतं. कारण दहाच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०१० ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम करून हा बँड जो गप्प झाला तो थेट अकरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये बोलला. आणि बोलला तेव्हा त्यात कॉलिन एडविन नव्हता.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. स्टीव्हन विल्सनने १९८७ मध्ये हा बँड काढला तो चक्क थट्टा म्हणून. अस्तित्वात नसलेला बँड, त्याचा खोटा इतिहास, त्यातली खोटी माणसं. म्हणजे यांचा पहिला लाइनअपच काल्पनिक होता :) वाजवणारा प्रत्यक्षात बहुतेक एकटा विल्सन. १९९३ च्या अखेरीस लोकांपुढे वाजवायची वेळ आली तेव्हा खरी माणसं गोळा झाली: बेसवर कॉलिन एडविन, ड्रम्सवर क्रिस मेटलंड आणि कीबोर्डवर पूर्वी 'जपान' या बँडमध्ये असलेला रिचर्ड बार्बिएरी. २००२ मध्ये मेटलंड गेला, गॅव्हिन हॅरिसन आला आणि 'इन ॲब्सेन्शिया' हा अल्बम निघाला. आवाज जड झाला, गिटार टोकदार झाली, नवे श्रोते आले. जुने कुरकुरले.

या काळात बाकी उद्योगही चालूच होते. विल्सनचे नो-मॅन, ब्लॅकफील्ड, बास कम्युनियन, पुढे ओपेथच्या ओकरफेल्टबरोबर स्टॉर्म कोरोजन, शिवाय स्वतःच्या नावाचे अल्बम. हॅरिसन किंग क्रिमसनमध्ये जाऊन वाजवू लागला. २०२२ चा 'क्लोजर/कंटिन्युएशन' जन्मला तोसुद्धा अशाच फावल्या वेळातून: विल्सन आणि हॅरिसन दोघंच बसून वाजवायचे, आणि बेस विल्सन स्वतःच हातात घ्यायचा. मग एडविनला जागाच उरली नाही. सतरा वर्षं बँडमध्ये काढलेला माणूस, भांडणाचा आवाज न होता बाहेर. टीममध्ये असं होताना आपण बघतो की. कुणी काढत नाही, फक्त मीटिंगचं आमंत्रण येईनासं होतं.

आता हे सगळं इंग्लंडातल्या गोऱ्यांचं कौतुक वाटत असेल, तर जरा शंभर-सव्वाशे वर्षं मागे या. लाइनअपवरून भांडायची आपली परंपरा रॉकपेक्षा जुनी आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं. पाच वर्षांत, १८८५ ला, अण्णासाहेब गेले. मूळ संस्थापक गेला, लिहिणारा गेला, पण मंडळी चालू राहिली. पुढे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. 'आता किर्लोस्करमध्ये काय राहिलं' म्हणणारे तेव्हाही असणारच. १९०५ ला बालगंधर्व आले आणि मंडळी पुन्हा उभी राहिली. १९११ ला 'मानापमान' आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आजच्या भाषेत, मुख्य गायक, कसलेला नट आणि संगीतकार एकाच दिवशी राजीनामा देऊन समोरच स्टार्टअप टाकतात तसं.

किर्लोस्कर मंडळीने काय केलं? बदली माणूस शोधला. तो बदली माणूस म्हणजे दीनानाथ मंगेशकर! आणि १९१८ मध्ये त्यांनीही बाहेर पडून बलवंत संगीत मंडळी काढली. इकडे गंधर्व मंडळीतून काही वर्षांत टेंबे गेले, मग बोडसही गेले. टेंब्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढून पाहिली आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले, संगीतही त्यांचंच. साइड प्रोजेक्ट याहून वेगळं काय असतं?

आणि सुपरग्रुप? तोही झाला. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोघांच्या चाहत्यांचे दोन तट, आणि एका रात्रीपुरतं दोघं एका रंगमंचावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. पण १९०८ ला त्यांनी काढलेली ललितकलादर्श थांबली नाही. आधी बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ती चालवली. नाव तेच, माणसं सगळी नवी.

आता मुंबईच्या रॉककडे येऊ. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड निघाला. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस. सुरुवातीचा गायक इयान सांतामारिया होता; उदय बेनेगल आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया नंतर आले. हे आज मुद्दाम सांगावं लागतं, कारण बहुतेकांच्या डोक्यात बँड म्हणजे उदय बेनेगलचा आवाज. धोबी तलावच्या रंगभवनात तेव्हा पोरं दुसऱ्यांचीच गाणी ऐकायला यायची आणि बँडही तीच वाजवायचे. अशा काळात १९८८ ला या लोकांनी सगळी स्वतःची गाणी घेऊन 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला. ही हिंमत लहान नव्हती.

१९९३ मध्ये त्यांनी नावच बदललं: इंडस क्रीड. त्याच वर्षी 'प्रेटी चाइल्ड'ला एमटीव्हीचा आशियातला प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. १९९५ चा अल्बम झाला, आणि १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा नवा खेळ मांडला. बाकीचे आपापल्या वाटेने गेले.

२०१० ला इंडस क्रीड परत आला तेव्हा जुने तिघंच होते: बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया. बेसवर रुशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नव्या पिढीचे. २०१२ ला 'इव्हॉल्व्ह' आला. जुन्या कॅसेटच्या आठवणीने ऐकायला बसलेल्यांना धक्काच बसला, कारण यात लांब, वळणं घेणारी, बऱ्यापैकी प्रोग्रेसिव्ह गाणी होती. आणि गंमत बघा, याचं मिक्सिंग केलं टिम पामरने, ज्याने दहा वर्षांपूर्वी पॉर्क्युपाइन ट्रीचा 'इन ॲब्सेन्शिया' मिक्स केला होता. जग लहान आहे म्हणतात ते असं.

तर वाद घालणाऱ्यांचे साधारण तीन पक्ष पडतात. नाववाले, आवाजवाले आणि माणूसवाले.

नाववाल्यांचं म्हणणं, नाव तेच तर बँड तोच. पण रॉक मशीनचा इंडस क्रीड झाला तेव्हा नाव गेलं आणि बँड राहिला. आवाजवाले म्हणतात, आवाज बदलला की संपलं. पण 'इन ॲब्सेन्शिया'ने आवाज बदलला आणि बँडला बहुतेक चाहते त्यानंतरच मिळाले. माणूसवाले म्हणतात, मूळ माणसं हवीत. मग ललितकलादर्शचं काय करायचं? आणि येस या बँडचं? २०१५ ला क्रिस स्क्वायर गेला तेव्हा येसमध्ये एकही संस्थापक उरला नाही, तरी बँड चालू राहिला.

मला विचाराल तर बँड म्हणजे जुनी गाणी आणि ती पुन्हा वाजवायची जबाबदारी घेणारं कुणीतरी. रुशद आणि जयने रंगभवन काळातली गाणी शिकून वाजवली, त्या क्षणी ते इंडस क्रीड झाले. बापूरावांनी केशवरावांनंतर पडदा उघडला तेव्हा ते ललितकलादर्श झाले. कोड लिहिणारा कंपनी सोडतो, पण रात्री दोनला सर्व्हर पडला की जो उठतो, कोड त्याचा होतो. तसंच काहीसं.

पण याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त टोचते. विल्सनचे साइड प्रोजेक्ट निघतात कारण त्याच्याकडे कल्पना जास्त आणि बँड एक. मुंबईत उलटं असतं. इथे पोट भरायचं काम हाच मुख्य प्रोजेक्ट, बँड साइडला. विशाल दादलानीचा पेंटाग्राम १९९४ पासूनचा, २००५ ला ग्लास्टनबरीपर्यंत जाऊन आलेला बँड. पण देशाला दादलानी माहीत झाला तो शेखर रावजियानीबरोबर सिनेमाची गाणी करून. त्यांचा 'झंकार बीट्स' (२००३) हा सिनेमाच मुळी नोकरी सांभाळून संगीत स्पर्धेत उतरणाऱ्या दोस्तांचा होता. रँडॉल्फ कोरियानेही मोनिका डोग्राबरोबर 'शायर अँड फंक' चालवला. यात तक्रारीसारखं काही नाही. गाणी पोटाला पुरत नाहीत म्हणून माणूस दोन ठिकाणी उभा राहतो, इतकंच.

इंटरनेटने यात एक नवा प्रकार आणला. स्कायहार्बर दिल्लीत केशव धरच्या घरात सुरू झाला, गायक डॅनियल टॉमकिन्स इंग्लंडात. २०१२ च्या पहिल्या अल्बमच्या दुसऱ्या भागात मुंबईच्या भयानक मौतचा सुनीत रेवणकर ओरडला. पुढे मुंबईच्याच गॉडेस गॅग्डमधले देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी आले. २०१५ मध्ये टॉमकिन्स आपल्या टेसरॅक्टकडे वळला आणि अमेरिकेतला एरिक एमरी आला. एका बँडचा लाइनअप तीन खंडांत! गावच नाही, तर 'मुंबईचा बँड' कुणाला म्हणायचं?

हे सगळं इतक्या तपशिलात का लिहिलं? कारण आमचाही एक छोटासा बँड आहे. कॉलेजपासूनचे चौघं, शनिवारी तासाच्या भाड्याने जॅमरूम घेऊन वाजवणारे, सहा स्वतःची गाणी असलेले. आमचा ड्रमर पुढच्या महिन्यात बायकोसह कॅनडाला चाललाय. एकाचं म्हणणं, बँड बंद करू. दुसऱ्याचं, नाव बदलू, म्हणजे त्याचा अपमान नको. गेल्या शनिवारी यावर दीड तास चर्चा झाली आणि ड्रमर स्वतः गप्प बसून काठ्या फिरवत होता. शेवटी म्हणाला, "अरे, नवा माणूस घ्या. फक्त चौथ्या गाण्यातला तो ब्रेक त्याला नीट शिकवा, तो मी महिनाभर बसून बसवलाय."

मला वाटतं सगळ्या वादाचं उत्तर त्यात आहे. जाणाऱ्याला बँड मोडायला नको असतो. आपण जे बसवलं ते कुणीतरी नीट वाजवावं, आणि ते कुणी बसवलं हे लक्षात राहावं, एवढंच त्याला हवं असतं. सांतामारिया, मेटलंड, एडविन ही नावं चाहते हट्टाने घोकतात, त्याची आपण टिंगल करतो. पण हीच घोकंपट्टी त्यांची हजेरी लावते. संगीतकार टेंबे होते हे सांगणारं कुणी नसतं, तर 'मानापमान' फक्त गाणाऱ्यांच्या नावावर जमा झालं असतं.

आम्ही ठरवलंय. नाव तेच ठेवायचं, नवा ड्रमर शोधायचा, आणि सहाही गाण्यांखाली कुणी काय बसवलं ते लिहून ठेवायचं. ब्रेक अवघड आहे, सात मात्रांचा. विक्रोळी ते मुलुंड पट्ट्यात कुणाला जमत असेल तर कळवा. शनिवारी संध्याकाळी मोकळं असणं ही एकच अट.